मंद स्वराचा बंदोबस्त

ध्वनियंत्राच्या दर्शनी फळीवर जी सर्वांत मोठी, सर्वांत गुळगुळीत आणि बोटांना सर्वांत सुखावह अशी खुंटी बसवलेली असते, ती उजवीकडे फिरवली की आवाज वाढतो हे लहान मुलालाही ठाऊक असल्यामुळे, आवाज वाढविण्याचे कार्य ती खुंटीच करते अशी आपणा सर्वांची दृढ समजूत झालेली असते. आणि ही समजूत व्यवहारापुरती निरुपद्रवी असली तरी वस्तुस्थितीला मुळीच धरून नाही. वाढविण्याचे काम करणारे व्हॉल्व्ह किंवा ट्रान्झिस्टर आत निराळेच असतात. त्यांचे सामर्थ्य रचनाकाराने एकदा ठरवून दिलेले असते आणि खुंटी कितीही फिरविली तरी त्यात रतिभरही फरक पडत नाही. खुंटीच्या पाठीमागे असतो तो कार्बनचा एक नालाकृती पट्टा आणि त्यावरून सरकणारी धातूची एक चिमुकली जीभ. येणाऱ्या संदेशातला किती भाग पुढे जाऊ द्यावयाचा आणि किती जमिनीत जिरवावयाचा, एवढाच निवाडा ही जोडी करीत असते. तिचा हुद्दा उत्पादकाचा नव्हे, नाकेदाराचा आहे.

तबकडीवरच्या सुईकडून येणारे व्होल्टेज चार-पाच सहस्रांश व्होल्टांचे असते; प्रीअँप्लिफायरचा पहिला टप्पा ते शंभरपट करून अर्ध्या व्होल्टाच्या घरात नेतो; आणि मग रात्री बंद खोलीत एकट्याने ऐकावयाचे असेल तर पुढच्या मोठ्या अँप्लिफायरला त्यातले दोन-तीन शतांश व्होल्ट पुरेसे होतात. म्हणजे एवढ्या सायासाने मिळविलेल्या संपत्तीपैकी बहुतेक सगळी या खुंटीपाशी त्यागावी लागते. उंची प्रीअँप्लिफायरची किंमत त्याच्या वाढविण्याच्या शक्तीवरून ठरते असे पुष्कळांना वाटते. माझे मत असे की, उरलेला अल्पांश तो किती अभंग ठेवून पुढे पोचवितो, यावरून ती ठरली पाहिजे.

माझ्याकडचे यंत्र 1960 च्या सुमारास इंग्लंडात घडलेले, व्हॉल्व्हवर चालणारे, आणि आपल्या काळी श्रीमंतांच्या दिवाणखान्यातच शोभणारे असे आहे. ते भिंगारसारख्या गावी कसे आले, याचे नवल इथल्या रहिवाशाला वाटणार नाही. भिंगारच्या अंगाला नगरची लष्करी छावणी लागून आहे, रणगाडा दलाचे केंद्र आणि प्रशालाही इथेच आहेत, त्यामुळे अधिकारी येतात, राहतात, आणि बदलीचा किंवा निवृत्तीचा हुकूम निघाला की जड सामान मागे ठेवून निघून जातात. छावणीच्या गावाला दुसऱ्यांच्या वस्तूंचा वारसा असा नात्यागोत्याविना मिळत असतो. एका बंगल्याच्या सामानाची विक्री झाली तेव्हा सागवानी कपाटे आणि वेताच्या खुर्च्या यांच्याभोवती गर्दी उसळली होती, आणि हे करड्या रंगाचे, चार पितळी खुंट्यांचे धूड एका कोपऱ्यात दुर्लक्षित पडले होते. तपशील एवढा पुरे. निर्मात्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण साठ वर्षांनी एखादी वस्तू झिजली तर तो घडविणाऱ्याचा गुन्हा होत नाही.

भिंगारच्या जुन्या आळीत आमची आणि शेजाऱ्यांची भिंत एकच असल्यामुळे, शिवाय मला गाणे ऐकावयास सवड मिळते ती रात्री दहानंतरच असल्यामुळे, माझे सगळे श्रवण त्या पट्ट्याच्या अगदी तळच्या टोकाशी चालते. आणि नेमका तिथेच दोष उद्भवला. खुंटीला हात लावावा की सुकलेल्या पाचोळ्यावरून कोणी चालत जावे तशी खरखर स्पीकरांतून उमटे. आणि आवाज पुरेसा खाली आणला की डावा स्पीकर हळूहळू मागे सरत अखेर गप्प होई, आणि खोलीच्या मधोमध बसलेला गवई उजव्या कोपऱ्यात जाऊन तोंड फिरवून गाऊ लागे. मोठ्या आवाजात सारे यथास्थित. दोष दिसे तो फक्त मंद स्वरात.

मोठ्या शहरातील एका दुकानदाराने खुंटीच्या फटीतून औषधाचा फवारा मारून दिला. त्याने खरखर काही दिवस थांबली आणि पुन्हा सुरू झाली. मात्र त्या औषधाने आतले जाड ग्रीस धुऊन गेल्यामुळे, पूर्वी मधात चमचा फिरावा अशा संथ प्रतिकाराने फिरणारी ती खुंटी आता बोट लागताच गरकन फिरू लागली. पुढचा सल्ला मिळाला तो असा की, कंट्रोल गेला आहे, तो बदलावा. आणि मूळचा मिळत नसल्यास यंत्रच बदलावे.

आमच्या गावात लष्कराच्या ईएमईमधून, म्हणजे यंत्रे व विद्युत्साधने दुरुस्त करणाऱ्या दलातून, निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. रणगाड्यांतील वायरलेस संच दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. आता ते कोणाचे मिक्सर, कोणाच्या विहिरीवरच्या मोटारीचे स्टार्टर, असे जे पुढ्यात येईल ते पाहतात. परंतु व्हॉल्व्हचे यंत्र आले आहे असे कानावर जाताच ते स्वतः चालत घरी आले, चहा नको म्हणाले, आणि स्क्रू-ड्रायव्हरला हात लावण्यापूर्वी त्यांनी एक प्रश्न विचारला.

“सर, रेकॉर्ड सोडून याच्यावर दुसरं काही लावता का?”

लावतो, म्हटले, क्वचित टेप लावतो.

“मग टेप लावा, आणि खुंटी फिरवा.”

टेप लावली. खुंटी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरविली. खरखर औषधालाही उरली नव्हती. पुन्हा कळ तबकडीकडे वळविली मात्र, पाचोळा हजर. सुभेदार समाधानाने मान हलवून म्हणाले, “खुंटी तीच, हात तोच. चोर मागं बसलाय. हिला उगाच मारहाण झाली.”

यानंतर जे घडले ते पाहण्यासारखे होते. यंत्राचा पत्रा काढून त्यांनी ते चालू केले, डावा हात सावकाश विजारीच्या खिशात घातला आणि मग केवळ उजव्या हाताने मीटरची तांबडी सुई आत नेली. व्हॉल्व्हच्या यंत्रात दीडशे-दोनशे व्होल्ट सर्वत्र वावरत असतात, आणि दोन्ही हात आत असले तर झटका एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताकडे जातो. म्हणून जुने कारागीर एक हात खिशात ठेवतात, हे त्यांनी मला मागाहून सांगितले. काळी सुई चॅसीला, म्हणजे यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला, चिमट्याने अडकविलेली होती. तांबडी त्यांनी खुंटीच्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला टेकविली. तिथे स्वराचे व्होल्टेज यावे, स्थिर व्होल्टेज शून्य असावे, असा दस्तूर. उजव्या बाजूला मीटरने शून्य दाखविले. डाव्या बाजूला आकडा आला 0.15.

दीड दशांश व्होल्ट म्हणजे काय मोठे, असे आपल्याला वाटेल. परंतु स्वरच तिथे शतांशांनी मोजावयाचा असतो. पहिल्या टप्प्यातील व्हॉल्व्हच्या प्लेटवर 150 व्होल्टांचा स्थिर दाब असतो आणि त्याच्यावर स्वार होऊन गाण्याचा सूक्ष्म कंप येतो. त्या दोहोंना विलग करण्याचे काम एका कंडेन्सरकडे असते: स्थिर दाब अडवावयाचा, कंप जाऊ द्यावयाचा. माझ्या यंत्रातील हा कंडेन्सर कागदाचा होता, मेण पाजलेल्या कागदाच्या आणि धातूच्या पातळ पत्र्याच्या गुंडाळीचा. साठ पावसाळ्यांत त्या कागदाने दमटपणा शोषला आणि तो अणुमात्र झिरपू लागला. किती अणुमात्र? खुंटीचा पट्टा एक लाख ओहमचा, त्यावर 0.15 व्होल्ट उमटतात याचा अर्थ कंडेन्सरचा रोध सुमारे दहा कोटी ओहमवर आलेला आहे. दहा कोटी ओहमचा पदार्थ अन्य कोणत्याही व्यवहारात आपण निर्विवाद विद्युत्-रोधक म्हणू. इथे मात्र तेवढी फट पुरे झाली. पट्ट्यावर स्थिर दाब आला की त्यावरून सरकणारी जीभ प्रत्येक खाचखळग्यापाशी क्षणभर उचलली जाते, पुन्हा टेकते, आणि त्या प्रत्येक उड्डाणाचा एक टिचका ऐकू येतो; त्या हजारो टिचक्यांची मिळून खरखर. दाब नसेल तर तेच खाचखळगे मुकाट राहतात.

नवा कंडेन्सर प्लास्टिकच्या पापुद्र्याचा, 0.1 मायक्रोफॅरडचा आणि 400 व्होल्ट सोसणारा पाहिजे होता. तो मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून, यावयाचा असल्यामुळे यंत्र काही काळ टेबलावर उघडेच पडून राहिले, आणि गाण्याच्या वेळात मला फिरावयास जाण्याची मोकळीक मिळाली.

भिंगारकराचे फिरणे बहुधा आलमगीरकडे होते. इथल्याच छावणीत 3 मार्च 1707 रोजी औरंगजेबाने देह ठेवला. दफन पुढे खुलदाबादेस झाले, परंतु वस्तीला त्याच्या पदवीचे नाव राहून गेले. या बादशहाने दरबारातील गायन बंद केले तेव्हा गवयांनी जनाजा काढला, कोणाचा म्हणून विचारता गानविद्येचा असे सांगितले, आणि त्यावर बादशहाने तिला नीट पुरून टाका अशा अर्थाचे उत्तर दिले, ही इटालियन प्रवासी मनुचीने लिहून ठेवलेली कथा सर्वश्रुत आहे. संशोधकांनी तिच्याविषयी संशय घेतला आहे तो रास्तच; बादशहाने स्वतः ऐकणे सोडले खरे, परंतु फकीरुल्लाचे ‘रागदर्पण’ आणि संगीतावरचे इतर फारसी ग्रंथ त्याच्याच कारकिर्दीत लिहिले गेले आणि सरदारांच्या हवेल्यांतून गाणे चालूच राहिले. फर्मान सुटले ते दरबारापुरते. तबकडी म्हणा की मैफल, ती शेजारच्या खोलीत सरकली.

दुसरी कथा नगरच्या किल्ल्यातली आणि निःसंशय खरी. ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेसच्या कार्यकारिणीचे सभासद मुंबईहून खास गाडीने आणून या किल्ल्यात बंदिस्त करण्यात आले. मौलाना आझादांजवळ एक लहानसा रेडिओ असे. बाकीचे सामान आत आले, रेडिओ मात्र अंमलदारांनी ठेवून घेतला, आणि तो सुटकेपर्यंत त्यांच्या दृष्टीस पडला नाही. त्याच बंदिवासात त्यांनी ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रे लिहिली, आणि त्यांतील एक दीर्घ पत्र सबंध संगीतावर आहे, तरुणपणी सतार शिकल्याच्या आणि चांदण्यात ताजमहालापाशी ती वाजविल्याच्या आठवणी त्यात आहेत. रेडिओ जप्त करणाऱ्या अंमलदाराला ही सतार जप्त करता आली नसावी.

आणि तिसरी, नगरच्या दक्षिणेस दौंड रस्त्यावरच्या अरणगावची. तिथे मेहेरबाबांनी 10 जुलै 1925 रोजी मौन धरले ते 31 जानेवारी 1969 रोजी देह ठेवीपर्यंत सोडले नाही. प्रथम अक्षरफलकावर बोट फिरवून आणि पुढे खुणांनी ते बोलत. हे मौन पहिल्या दोहोंच्या पंक्तीला बसविणे अन्यायाचे होईल, कारण ते दुसऱ्यावर लादलेले नव्हते. तरीही या पंचक्रोशीत ध्वनीचा निकाल नेहमी टोकाचाच का लागावा, असा विचार आलमगीरच्या चढावर माझ्या मनात येई. संपूर्ण बंद करावयास एक फर्मान पुरते, एक जप्ती पुरते, आणि स्वतःपुरते करावयाचे तर एक संकल्प पुरतो. पूर्ण उघडावयाचे म्हटले तर आमच्या उरुसातले आणि उत्सवातले कर्णे ते काम दरसाल करतात. पंचाईत मधल्या मुलखाची आहे. स्वराची एकही श्रुती न दुखविता त्याला लहान करावयाचे, हे ना बादशहाच्या अखत्यारीतले ना मंडळाच्या कार्यकर्त्यांच्या. (चढावरून पूर्वेला डोंगरमाथ्यावर जी अष्टकोनी इमारत दिसते, तिला सगळा जिल्हा चांदबिबीचा महाल म्हणतो, तो वस्तुतः सलाबतखानाचा मकबरा आहे. नाव एकाचे आणि आत निजलेला दुसराच, हा प्रकार आमच्या खुंटीच्या फिर्यादीपेक्षा फारसा वेगळा नव्हे.)

कंडेन्सर आला. सुभेदारांनी यंत्राची वायर काढली, आतला साठलेला दाब एका रेझिस्टन्समधून उतरवून घेतला, जुन्या कंडेन्सरचे पाय कापले आणि दोन स्वच्छ, चकचकीत टाक्यांनी नवा बसविला. दुसऱ्या बाजूचाही, तो निर्दोष असूनही, त्याच वयाचा आहे म्हणून बदलला. मीटरवर दोन्हीकडे शून्य. खरखर गेली ती गेलीच. डाव्या स्पीकरचे रुसणे मात्र कायम होते. आणि तो दोष खरोखरच खुंटीचा होता.

मनुष्याचा कान बेरजेने चालत नाही, गुणाकाराने चालतो. आवाज दुप्पट झालासा वाटण्यास व्होल्टेज तिप्पट करावे लागते, चौपट वाटण्यास जवळजवळ दसपट. म्हणून पट्टाही सरळ हिशेबाचा करून चालत नाही, त्याचा रोध आरंभी अगदी सावकाश आणि पुढे झपाट्याने वाढत जाणारा असावा लागतो. असा वक्र कार्बनच्या लेपातून साधणे दुर्घट असल्यामुळे बहुतेक कारखाने निरनिराळ्या रोधाचे दोन-तीन लेप जोडून त्या वक्राची नक्कल करतात. डाव्या-उजव्या बाजूंचे दोन पट्टे एकाच दांडीवर बसवलेले. त्यांच्या नकला मधल्या भागात जुळतात आणि तळाशी, जिथे एका लेपाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते, तिथे फारकत घेतात. त्यात माझ्या यंत्राची जीभ वर्षानुवर्षे त्या तळच्या एका बोटभर जागेवरच घासत आलेली, कारण पूर्वीचा धनीही बहुधा रात्रीचा श्रोता असावा. मोठ्या आवाजात ऐकणाऱ्याला हा दोष आयुष्यात कळणार नाही.

सुभेदार म्हणाले, नवा पॉट, म्हणजे खुंटीमागचा पट्टा, आणला तरी तो तळाशी थोडाफार असाच निघेल. त्यापेक्षा शिडी बांधू. शिडी म्हणजे चोवीस मुक्कामांची एक फिरती कळ, आणि मुक्कामामुक्कामाच्या मध्ये एकेक नेमका रेझिस्टन्स. प्रत्येक पायरीला आवाज दोन डेसिबलने उतरावयाचा, म्हणजे व्होल्टेज दर वेळी आधीच्या सुमारे 0.79 पट व्हावयाचे, असा नियम एकदा धरला की पुढचे सगळे गणितच आहे: पहिला रेझिस्टन्स 20,500 ओहमचा, दुसरा 16,200 चा, तिसरा 13,000 चा, चौथा 10,200 चा, असे उतरत उतरत शेवटचा 634 चा, एका बाजूला 23, दोन्ही बाजूंचे मिळून 46. ते आकडे मी कागदावर मांडून दिले आणि सुभेदारांनी प्रत्येक नग मीटरवर तोलून डाव्या-उजव्याच्या जोड्या लावल्या, कारण शेकडा एकाच्या चुकीचा नगही त्यांना जोडीदाराशी तंतोतंत जुळलेला पाहिजे होता. एवढ्याशा दाण्यांवरचे पाच-पाच रंगीत पट्टे वाचण्यासाठी त्यांनी चष्म्यावर घड्याळजीचे भिंग चढविले होते. कळ निवडताना त्यांचा एकच कटाक्ष: पुढचा मुक्काम पकडल्याखेरीज मागचा सोडणारी ती नसावी, नाहीतर प्रत्येक पायरीला स्वर तुटून टचकन वाजेल.

परीक्षेला मी अमीर खाँसाहेबांची मारवा व दरबारीची ध्वनिमुद्रिका काढली. याहून कठोर परीक्षक मला ठाऊक नाही. खाँसाहेब मंद्र सप्तकात इतक्या संथपणे आणि इतक्या कमी उच्चारात प्रवेश करतात की यंत्रात तळाशी काही उणे असेल तर ते पहिल्या मिनिटातच उघडे पडावे. खुंटी वरून खाली एकेक मुक्काम उतरवीत आणली. आवाज लहान होत गेला, पण गवई जागचा हलला नाही. डग्ग्याचा घुमारा मात्र अगदी तळाशी क्षीण झाला, आणि त्याला यंत्र जबाबदार नाही: मंद ध्वनीत खर्जाचे स्वर कानालाच कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच मोजून दाखविले आहे. त्यावर उपाय म्हणून पुढे यंत्रांना खर्ज फुगविणारी एक निराळी कळ बसविण्याची प्रथा पडली. मला ती कळ नेहमीच खोटी वाटत आली आहे.

शिडीविषयी तक्रार करण्यासारखे काही नाही असे मात्र नव्हे. जुन्या खुंटीला केसभर पुढे, केसभर मागे असे लाडीगोडीने मनविता येत असे. ही नवी कळ ठाम पावलांची आहे, आणि कित्येकदा रात्री सातवी पायरी किंचित जास्त आणि सहावी किंचित कमी वाटते. सुभेदारांना हे सांगितले तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा करुणेने पाहिले आणि म्हणाले, “सर, साडेसहावा हुद्दा फौजेत नसतो.”

खरखर गेली, तोल साधला. आणि तळाच्या पायऱ्यांवर आता एक तिसरेच काही ऐकू येऊ लागले आहे, विजेच्या पन्नास आवर्तनांचा तो बारीक गुंजारव, जो आजवर पाचोळ्याच्या आवाजाखाली दडून राहिला होता. सुभेदारांनी यंत्र पुन्हा उघडण्यास नकार दिला. परसातला अर्थिंगचा खड्डा त्यांनी जाऊन पाहिला, कोरड्या मातीत काठी खुपसली, आणि दोष यंत्राचा नसून आमच्या जमिनीचा आहे असा निकाल दिला. रविवारी खड्डा उकरावयाचा ठरला आहे. एक पोते कोळसा आणि दहा किलो खडेमीठ मी आणून ठेवावयाचे आहे.